दडलेले रंग

काळा नर, काळी मादी आणि वेतात सहा काळी पिल्लं, दोन पिवळी, एक चॉकलेटी. लॅब्रडॉर पाळणाऱ्या घरात असं झालं की पहिला संशय मादीवर येतो. फाटक कधी तरी उघडं राहिलं असेल, शेजारचा कुत्रा आत शिरला असेल, अशी कुजबुज सुरू होते. नराचा मालक तर ‘ही माझ्या कुत्र्याची नव्हेतच’ म्हणत ठरलेलं पिल्लू घ्यायलाही नकार देतो. मादीचा यात काही दोष नसतो. दोन काळ्या लॅब्रडॉरांना पिवळी आणि चॉकलेटी पिल्लं होणं आनुवंशिकतेच्या नियमांत अगदी व्यवस्थित बसतं. जोडी लावण्याआधी दोघांच्या गालाच्या आतून बोळा फिरवून नमुना पाठवला असता, तर असं वेत होऊ शकतं हे आधीच कळलं असतं.

कुत्र्याच्या रंगाची ही जनुकीय चाचणी हा या पुस्तकाचा विषय आहे. रंग ठरवणारी जनुकं कोणती, ती तपासतात कशी आणि अहवाल हातात आल्यावर तो वाचायचा कसा, हे पुढच्या प्रकरणांत सविस्तर येईल. कुत्र्यांची पैदास करणारे, पिल्लू विकत घेणारी कुटुंबं आणि पशुवैद्यकाचे विद्यार्थी हे तिघेही वाचक डोळ्यांपुढे आहेत. पण प्रस्तावनेतच एक गोष्ट सांगायला हवी. रंगाची चाचणी म्हणजे हौशी लोकांचा खर्चिक शौक, असा समज आपल्याकडे पसरला आहे, आणि तो मला मुळीच मान्य नाही. दिसणारा रंग ओळखायला डोळे पुरतात. चाचणी लागते ती जे दिसत नाही त्यासाठी, आणि जे दिसत नाही त्यात पिल्लाचे डोळे नि कानही असतात.

आधी लॅब्रडॉरचं पूर्ण करतो. कुत्र्याच्या केसांत रंगद्रव्यं दोनच: यूमेलॅनिन, म्हणजे काळं, आणि फिओमेलॅनिन, म्हणजे तांबड्यापासून फिकट पिवळ्यापर्यंत. डाल्मेशियनचे ठिपके, जर्मन शेफर्डची काळी पाठ, गोल्डन रिट्रीव्हरचा सोनेरी अंगरखा, गावातल्या कुत्र्याचा तांबूस रंग, सगळं या दोहोंतूनच होतं. पांढऱ्याचं वेगळं द्रव्य नाही. बहुतेक वेळा तिथे रंगाच्या पेशी पोचलेल्याच नसतात. कोणतं द्रव्य कुठे उमटेल आणि किती दाट, हे ठरवणारी जनुकं मात्र बरीच आहेत, आणि प्रत्येकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची.

लॅब्रडॉरमध्ये त्यांपैकी दोन जनुकांचा खेळ चालतो. एकाला ‘बी’ म्हणतात. त्याची एक जरी प्रत धड असली तरी काळं द्रव्य काळंच राहतं. दोन्ही प्रती बदललेल्या, म्हणजे ‘छोटा बी’ असल्या, तर काळ्याचं तपकिरी होतं. नाक, ओठ, पापण्यांच्या कडा, पंजांच्या गाद्या, सगळ्यावर तोच चॉकलेटी रंग उतरतो. दुसरं जनुक ‘ई’. रंगाच्या पेशीला ‘काळं बनव’ हा निरोप ज्या प्रथिनामार्फत मिळतो, ते प्रथिन या जनुकापासून तयार होतं. दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तर निरोप पोचत नाही, केसांत काळं बनत नाही आणि कुत्रा पिवळा दिसतो. नाकाच्या कातडीवर या बिघाडाचा तसा परिणाम होत नाही. म्हणून पिवळ्या लॅब्रडॉरचा ‘बी’ ओळखायचा तर केस सोडून नाक बघावं: काळं असेल तर किमान एक ‘मोठा बी’ नक्की, तपकिरी असेल तर दोन्ही छोटे. ‘ई’मधला हा बिघाड 2000 साली सापडला, एका अक्षराच्या बदलाने प्रथिनाची बांधणी शेवटाजवळ अर्धवट तुटते. ‘बी’ची बदललेली रूपं 2002 साली कॅनडातल्या सस्कॅचवन विद्यापीठात शीला श्मुट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधली.

आता त्या काळ्या जोडीकडे या. दोघांकडेही ‘बी’ची एक धड आणि एक छोटी प्रत, ‘ई’चीही तशीच. बाहेरून दोघं काळेभोर. पिल्लांच्या सोळा शक्यता मांडल्या तर नऊ काळ्या, तीन चॉकलेटी, चार पिवळ्या निघतात, आणि त्या चार पिवळ्यांत एकाचं नाक तपकिरी. प्रत्यक्षातल्या वेतात आठ-दहा पिल्लं असतात, त्यामुळे आकडे पुढेमागे होतात. पण पिवळं पिल्लू झालं म्हणून कुणावर आळ घ्यायचं कारण उरत नाही. खरोखर शंका असेल तर पितृत्वाची वेगळी डीएनए चाचणी असते. रंगावरून बाप ठरवायचा प्रयत्न करू नये. एकाच वेतातल्या पिल्लांचे बाप दोन असणंही कुत्र्यांत शक्य आहे, आणि मोकळ्या फिरणाऱ्या गावच्या कुत्रीच्या वेतात एक तांबडं, एक काळं, एक बांडं दिसतं त्यामागे हेही एक कारण असतं.

जनुक डोळ्यांना न दिसताही माणसं या निष्कर्षांच्या किती जवळ पोचली होती, याचं मला फार कौतुक वाटतं. अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेचे संस्थापक क्लॅरेन्स कुक लिटल यांनी 1957 साली कुत्र्यांच्या रंगाच्या आनुवंशिकतेवर एक पुस्तक प्रसिद्ध केलं. डीएनएचं एक अक्षरही वाचता येत नव्हतं तेव्हाचं हे काम. कोणत्या जोडीला कोणत्या रंगाची किती पिल्लं झाली, याच्या नोंदी जातवार तपासायच्या आणि त्यावरून आत काय असेल ते ताडायचं, एवढंच साधन. आज अहवालावर जी अक्षरं छापून येतात त्यांतली बरीचशी लिटल यांच्या मांडणीतून आलेली आहेत. त्यांच्या मांडणीतली एक गोष्ट मात्र पुढे बदलावी लागली. एका प्रतीनेच सगळं अंग काळं करणारा जो प्रभावी काळा रंग असतो, तो त्यांनी ‘ए’ या जनुकाच्या मालिकेत सर्वांत वर बसवला होता. जोड्यांच्या नोंदी काही ठिकाणी त्याच्याशी जुळत नव्हत्या. पन्नास वर्षांनी, 2007 साली, स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या ग्रेग बार्श यांच्या गटाने दाखवून दिलं की हे जनुक वेगळंच आहे आणि वेगळ्याच गुणसूत्रावर आहे. त्याला ‘के’ म्हणतात. त्यातून बनणारं प्रथिन बीटा-डिफेन्सिन कुळातलं निघालं. हे कुळ तोवर जंतूंशी लढणाऱ्या प्रथिनांचं म्हणून ओळखलं जात होतं. त्यातलं एक केसांचा रंगही ठरवत असेल अशी कुणाला कल्पना नव्हती.

या शोधातून पुढे जे निघालं ते मला या सगळ्या शास्त्रातलं सर्वांत विलक्षण वाटतं. उत्तर अमेरिकेतल्या लांडग्यांत काळे लांडगे बरेच आहेत. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात तर जवळपास निम्मे. त्यांचा काळा रंग याच ‘के’मुळे असतो, आणि 2009 साली सिद्ध झालं की तो लांडग्यांकडे कुत्र्यांकडून आला, फार पूर्वी झालेल्या संकरातून. माणसाच्या सोबत्याने आपल्या रानटी नातलगाला दिलेलं हे जनुक. मग प्रश्न उरला की तो रंग रानात टिकला कसा? 2022 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाचं उत्तर डिस्टेंपरकडे बोट दाखवतं. ज्या लांडग्यांकडे काळ्या रंगाची एकच प्रत असते ते या रोगातून जास्त वाचतात. दोन्ही प्रती काळ्या असलेले लांडगे मात्र कमी जगतात. जिथे डिस्टेंपरच्या साथी वारंवार येतात तिथे काळे आणि राखाडी लांडगे एकमेकांशी जोडी जास्त जमवतात, असंही त्या अभ्यासात दिसलं. केसांचा रंग ठरवणारं जनुक आजारातून तगण्यातही सामील असतं, हे एकदा नीट कळलं की ‘रंग काय, वरवरची गोष्ट’ हे वाक्य तोंडातून निघत नाही.

मर्लचं प्रकरण तर प्रत्येक ब्रीडरने दोनदा वाचावं अशी माझी कळकळीची विनंती आहे. मर्ल म्हणजे निळसर राखाडी अंगावर काळ्याचे फाटक्या कडांचे तुकडे, आणि पुष्कळदा एक किंवा दोन्ही डोळे निळे. ऑस्ट्रेलियन शेफर्ड, बॉर्डर कॉली, रफ कॉली, शेटलंड शीपडॉग यांत तो जुना आहे. डॅशहंडमध्ये त्यालाच डॅपल म्हणतात. दिसायला देखणा, यात वाद नाही. 2006 साली टेक्सासमधल्या संशोधकांनी त्याचं मूळ शोधलं: रंगद्रव्याच्या घडणीत भाग घेणाऱ्या एका जनुकात डीएनएचा एक उपरा तुकडा येऊन बसलेला असतो, आणि त्या तुकड्याला ‘ए’ या एकाच अक्षराची लांब शेपटी असते. शेपटी किती लांब यावर मर्ल किती उठून दिसेल ते ठरतं. आखूड असेल तर कुत्रा अगदी साधा दिसतो. त्याला क्रिप्टिक, म्हणजे छुपा मर्ल म्हणतात. पुढच्या पिढीत ती शेपटी लांबूही शकते.

मर्लची एक प्रत असली तर सहसा निभावतं. दोन मर्लांची जोडी लावली की चारांतल्या एका पिल्लाला दोन्ही प्रती मिळण्याची शक्यता असते, आणि खरा घात तिथे होतो. रंगाच्या पेशी केसांपुरत्या नसतात. गर्भात त्या पाठीच्या रेषेजवळून निघून सर्व अंगभर पसरतात, आतल्या कानातही जाऊन बसतात, आणि तिथलं ऐकण्याचं यंत्र चालू ठेवायला त्या लागतात. त्या पोचल्याच नाहीत तर जन्मानंतरच्या काही आठवड्यांतच ऐकणाऱ्या पेशी मरून जातात, त्या पुन्हा येत नाहीत. 2009 साली जॉर्ज स्ट्रेन आणि सहकाऱ्यांनी दीडशेवर मर्ल कुत्र्यांची श्रवणतपासणी केली. एक प्रत असलेल्यांत एका कानाने बहिरे 2.7 टक्के आणि दोन्ही कानांनी 0.9 टक्के होते. दोन प्रती असलेल्यांत हेच आकडे 10 आणि 15 टक्के निघाले.

आकड्यांपेक्षा पिल्लू जवळून पाहिलेलं जास्त समजतं. पाच आठवड्यांचं वेत झोपलेलं आहे, दारात ताटली वाजते, सगळी पिल्लं तोंड वर करतात आणि एक तसंच झोपून राहतं. भावंडं अंगावरून धावत गेली की ते जागं होतं आणि मग त्यांच्या मागे निघतं. त्यामुळे कित्येकांच्या लक्षातही येत नाही. बाकीच्यांच्या हालचालीवरून ते सगळं शिकून घेतं. बहुतेक अंग पांढरं, कानाभोवती रंग नाही. डोळ्यांकडे पाहावं तर एक दुसऱ्यापेक्षा लहान, बाहुली मधोमध नसून खाली ओघळल्यासारखी. वेतातून वेगळं होऊन नव्या घरी गेल्यावर, हाक मारली तरी वळून बघत नाही म्हणून त्याला हट्टी ठरवतात.

हे टाळता येतं, आणि टाळणं सोपं आहे: मर्लला मर्ल जोडू नये. इंग्लंडचा केनेल क्लब दोन मर्लांच्या जोडीची पिल्लं नोंदवून घेत नाही. मग चाचणी कशाला, असं कुणी विचारेल. कारण मर्ल दरवेळी दिसत नाही. छुप्याचं वर सांगितलंच. शिवाय मर्लचा परिणाम काळ्या द्रव्यावरच होतो. ‘ई’च्या दोन्ही प्रती बिघडलेल्या कुत्र्याच्या केसांत काळं नसतंच, त्यामुळे पिवळ्या किंवा तांबड्या कुत्र्यात मर्ल पूर्ण झाकला जातो. असा साधा पिवळा नर आणि एक मर्ल मादी यांची जोडी लावणाऱ्याला आपण मर्लला मर्ल जोडतो आहोत याची कल्पनाही नसते. डोळा इथे हरतो. गालातल्या चार पेशी खरं सांगतात.

बाजार मात्र चाचणीकडे उलट बाजूने बघतो. पुण्या-मुंबईतल्या पिल्लांच्या जाहिराती वाचल्या तर ‘रेअर कलर’ हे शब्द जातीच्या नावाआधी येतात. निळा फ्रेंच बुलडॉग, लायलॅक, सिल्व्हर लॅब. निळा म्हणजे काळाच, ‘डी’ जनुकाच्या दोन बदललेल्या प्रतींनी फिका झालेला. लायलॅक म्हणजे तपकिरी तसाच फिका झालेला. हे रंग दुर्मीळ असतात ते दोन्हीकडून छोटी प्रत यावी लागते म्हणून. त्यामुळे चाचणी करून वाहक शोधले, त्यांची जवळच्या नात्यातही जोडी लावली, की तो रंग हमखास मिळतो आणि किंमत चढते. याचा मला संताप येतो. पिल्लांचं आरोग्य जपायचं साधन हाती आलं आणि ते पिल्लं महाग करायला वापरलं गेलं. फिक्या रंगाच्या कुत्र्यांत केस गळण्याचा एक विकार होतो. निळ्या डोबरमनमध्ये तो पुष्कळ दिसतो, पाठीवरचे केस विरळ होतात, कातडी कोरडी पडते. वायमरनर ही जात मात्र सगळीच्या सगळी फिक्या रंगाची असूनही तिच्यात हा विकार क्वचितच आढळतो. म्हणजे ‘डी’ एकटा गुन्हेगार नाही, सोबतची बाकी जनुकंही बघावी लागतात. एका अक्षरावरून पिल्लाला रोगी ठरवणं जितकं चूक, तितकंच त्या एका अक्षरासाठी बाकी सगळ्याकडे दुर्लक्ष करणंही.

ब्रिटनमधल्या लॅब्रडॉरांच्या 2018 सालच्या अभ्यासाचा उल्लेख इथेच करतो. चॉकलेटी लॅब्रडॉरांचं मध्यक आयुर्मान 10.7 वर्षं आणि बाकीच्यांचं 12.1 वर्षं निघालं. कानाचे नि त्वचेचे आजारही चॉकलेटींत जास्त. संशोधकांच्या मते चॉकलेटी रंग मिळवायला दोन्ही पालक त्या रंगाचे वाहक लागतात, आणि त्यासाठी निवडीचं वर्तुळ लहान करताना दुसरी वाईट जनुकं सोबत आली असण्याची शक्यता आहे.

नमुना घेणं सोपं, पण त्यात हयगय चालत नाही. मऊ ब्रश किंवा बोळा गालाच्या आत, दात आणि गाल यांच्या मध्ये धरून काही सेकंद गोल फिरवायचा. लाळ नको असते, गालाच्या आतल्या पेशी हव्या असतात. पिल्लू नुकतंच दूध प्यायलेलं असेल तर थांबावं, आईपासून थोडा वेळ दूर ठेवावं, कारण दुधातून आईच्या पेशी आल्या तर अहवालात आई उतरते. बोळा हवेवर वाळवून कागदी पाकिटात ठेवावा. ओला बोळा प्लॅस्टिकमध्ये बंद केला की बुरशी येते. प्रत्येक पाकिटावर त्याच क्षणी नाव घालावं. एका वेतातली आठ काळी पिल्लं नंतर कुणालाच ओळखू येत नाहीत. प्रयोगशाळेत पेशींतून डीएनए वेगळा काढतात, हव्या त्या जागेच्या असंख्य प्रती करून घेतात आणि तिथलं अक्षर वाचतात.

जी जागा वाचली तिथलंच उत्तर मिळतं, हे अहवाल वाचताना कधीच विसरू नये. ‘डी’चं एकच बदललेलं रूप माहीत होतं तेव्हा चाऊ चाऊसारख्या जातीतले निळे कुत्रे चाचणीत ‘फिका नाही’ म्हणून यायचे. त्यांचं रूप वेगळं होतं, ते पुढे सापडलं. अंगावर वाघासारखे पट्टे असलेला, आपण ज्याला वाघ्या म्हणतो, तो नमुना ‘के’च्या नेहमीच्या चाचणीत प्रभावी काळ्यापासून वेगळा काढता येत नाही. ‘ए’च्या जुन्या चाचणीत काळ्या-तांबड्या डोबरमनचा आणि पाठीवर काळं खोगीर असलेल्या बीगलचा निकाल सारखाच यायचा. 2021 साली डॅनिका बॅनश, टोसो लीब आणि सहकाऱ्यांनी ‘ए’ नव्याने उलगडला, पाच नमुने वेगळे केले, आणि त्यातला सर्वांत फिका पिवळा प्रकार वीस लाखांहून अधिक वर्षांपूर्वी लांडग्यांच्या वंशापासून फुटलेल्या, आता नामशेष झालेल्या एका प्राण्याकडून आला असावा असं दाखवलं. उत्तर ध्रुवाकडचे पांढरे लांडगेही तोच प्रकार बाळगतात. ज्यांच्याकडे त्याआधीचे अहवाल आहेत त्यांनी ‘ए’ची ओळ नव्याने तपासून घ्यावी.

आपल्याकडच्या कुत्र्यांबद्दल बोलायचं तर हीच अडचण जास्त मोठी आहे. सोलापूर-लातूरकडे आणि सीमेपलीकडे मुधोळात पाळले जाणारे कारवान शिकारी कुत्रे असोत की गल्लीतले देशी, चाचण्यांची यादी तयार झाली ती मुख्यतः युरोप-अमेरिकेतल्या जातींवरून. त्या यादीत नसलेलं एखादं रूप दख्खनच्या कुत्र्यात असेल तर अहवाल त्याबद्दल गप्प राहील, आणि वाचणारा ‘काही नाही’ असं समजेल. हे काम इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांनी हाती घ्यावं अशी माझी फार इच्छा आहे: कारवान वेतांच्या रंगांच्या नोंदी, लिटल यांनी केल्या तशा, आणि सोबत डीएनए. नोंदवहीला खर्च नाही, ती उद्यापासून सुरू करता येईल.

पुढची प्रकरणं एकेका जनुकाची आहेत आणि ती कोणत्याही क्रमाने वाचता येतील. सगळं वाचायला ज्यांना सवड नाही त्यांनी मर्लचं आणि अहवाल-वाचनाचं अशी दोन प्रकरणं तरी वाचावीत. आणि मर्ल पिल्लू घ्यायचं ठरलंच असेल तर पैसे देण्याआधी आई आणि बाप दोघांचेही मर्लचे अहवाल मागावेत, त्यावर कुत्र्याच्या मायक्रोचिपचा क्रमांक आहे ना तो बघावा, आणि बाप पिवळा किंवा तांबडा आहे म्हणून त्याच्या अहवालाची गरज नाही असं कुणी सांगितलं तर तो अहवाल सर्वांत आधी मागावा.